दुसरं पान

सुई टोचायच्या आधी मंदाताई विचारायच्या, "आज भाजी कायची केली?"

माणूस कितीही घाबरलेला असो, भाजी आठवायला त्याला एक क्षण लागतोच. वांग्याची की चवळीच्या शेंगांची, एवढा विचार होईपर्यंत सुई आत गेलेली असायची आणि नळीत रक्त चढायला लागलेलं असायचं. हिंगणघाटच्या माझ्या लॅबमध्ये अकरा वर्षं हा प्रश्न रोज सकाळी सातपासून ऐकू यायचा. आत मशीनजवळ बसून मी पेशंट बघायच्या आधी त्याची भाजी ऐकत असे.

कापड लाइनमधले एक सेठ होते. साखर तपासायला महिन्यातून एकदा यायचे आणि दर वेळी खुर्चीत बसल्याबसल्या घामाघूम व्हायचे. "मंदाबाई, जरा कम निकालना. कमजोरी येते."

"सेठ, मी तुमच्यासारखं मीटरनं नाई मोजत. येवढीशी नळी आहे. भाजी कायची केली?"

"सेव-टमाटर…"

"झालं. धरा कापूस."

"हो गया?"

"तुमचा टमाटर शिजाच्या आंधी झालं."

बाहेर बाकावर बसलेली माणसं हसायची. सेठही हसायचे, पण उठताना भिंत धरूनच उठायचे.

मंदाताई म्हणजे मंदा भोयर. माहेर सेलू तालुक्यातलं हिंगणी, सासर वडनेर. पहिल्या बसने वडनेरहून यायच्या. ठेंगण्या, सावळ्या, केस इतके घट्ट बांधलेले की कपाळ ताणल्यासारखं दिसायचं. एप्रनच्या खिशात पेन्सिलीचा एक तुकडा. रक्त घेतलेली नळी हळूच आठ वेळा उलटसुलट करावी लागते, जोरात हलवली तर रक्तपेशी फुटतात. नवीन मुलींना त्या शिकवायच्या, "लेकराले झोपवल्यावाणी कर. मिक्सर नाई तो." त्यांना स्वतःला लेकरू नव्हतं. हे वाक्य बोलताना त्यांचा आवाज कधी बदलल्याचं मी ऐकलं नाही. मी लक्ष देऊन ऐकत होतो असंही नाही.

त्या जरा वाकून चालायच्या. पेशंटशी बोलतानाही किंचित पुढे झुकलेल्या. लोकांना ती नम्रता वाटायची. "मोठी लीन बाई आहे," असं एक मास्तर म्हणाले होते, आणि मलाही तसंच वाटायचं. मग एका सकाळी मी साठवणीच्या खोलीत गेलो, तर मंदाताई सलाइनच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीत किटलीतलं गरम पाणी भरत होत्या. टॉवेलात गुंडाळून त्यांनी ती एप्रनच्या आत, ओटीपोटाशी, साडीच्या निऱ्यांत खोचली. मला पाहून म्हणाल्या, "भाऊ, गिझर बसवला."

मी "बरं" म्हणून बाहेर आलो. मला कळलं होतं. दोन मुलींचा बाप होतो मी. पण त्या विषयावर मी घरीही कधी बोललो नव्हतो, आणि ही तर परकी बाई.

त्यांच्या पेन्सिलीवरून आमचं एकदा वाजलं. बायकांच्या पोटदुखीसाठी डॉक्टर मंडळी कधीकधी एक रक्ततपासणी लिहून देतात, सीए एकशेपंचवीस नावाची. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, तसलंच अस्तर काही बायकांना बाहेर वाढतं. अंडाशयावर, आतड्यावर, असू नये तिथं. दर महिन्याला तेही आतलं आतच रक्ताळतं आणि त्याला बाहेर यायला वाट नसते. एंडोमेट्रिओसिस म्हणतात त्याला. या आजारात तो आकडा पुष्कळदा वाढलेला सापडतो. पुष्कळदा, नेहमी नाही. पस्तीसच्या आत असला की आमची मशीन 'नॉर्मल' छापते. वर गेला की आकडा जाड अक्षरात येतो.

तर अशा बायकांच्या फॉर्मच्या कोपऱ्यात मंदाताई पेन्सिलीने लिहायच्या, 'पा. २', 'पा. १७'. म्हणजे पाळीचा दुसरा दिवस, सतरावा दिवस. फॉर्मवर तसा रकाना नव्हता.

मी म्हटलं, "मंदाताई, फॉर्मवर गिचमिड नको."

"भाऊ, पाळीत हा आकडा आपोआप वाढते. तुमच्याच पुस्तकात लिवलं आहे. मशीनले काय माईत, बाई कोन्त्या दिवशी आलती?"

"डॉक्टर विचारतील ते."

"डाक्टरले टाइम कुठं आहे? मी तर हात धरूनच बसते तिचा. तवा विचारून घेते."

आणि त्या विचारायच्याच. एकदा अठरा-एकोणीस वर्षांची एक पोर आईबरोबर आली होती. चेहरा पांढरा, ओठ दाताखाली. मंदाताईंनी विचारलं, तर पोरीच्या आधी आईच बोलली, "काई नाई हो बाई, पोटात दुखते म्हणते. लगन झालं का जाईल."

मंदाताईंनी पोरीच्या दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली. मग आईकडे न बघता म्हणाल्या, "काकू, माह्यं लगन होऊन बारा वर्सं झाले. गेलं नाई." आणि पोरीला, "भाजी कायची केली वो माय?"

त्या पोरीने भाजी सांगितली नाही. रडायला लागली. मंदाताईंनी सुई खाली ठेवली, तिचं रडणं होऊ दिलं आणि मग रक्त घेतलं. बाहेर सात जण खोळंबले होते. मी आतून घड्याळ दाखवलं, ते त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

किट विकणाऱ्या कंपनीचा एक मुलगा यायचा. टाय लावलेला, बोलका. एकदा म्हणाला, आता नव्या टेस्ट येताहेत, पुढेमागे एका थेंबात सगळं कळेल, बाईला काही विचारायचीसुद्धा गरज पडणार नाही. मंदाताई नळ्या लावत होत्या. म्हणाल्या, "येईल तवा येईल, बापू. तवरक बाईले विचारून पाह्य ना. तिले तोंड आहे."

आता दुसऱ्या पानाचं सांगतो. इतकी वर्षं हे कोणाला सांगितलं नाही.

या तपासणीचा रिपोर्ट दोन पानी असायचा. पहिल्या पानावर नाव, वय, आकडा. दुसऱ्या पानावर एक टीप. ती इंग्रजीत होती, किटसोबत आलेली. मंदाताई माझ्या मागे लागल्या. "इंग्रजीत लिवलं म्हंजे न लिवल्यासारखंच आहे, भाऊ. मराठीत करा." शेवटी एका दुपारी मी बसून ती मराठीत केली. अजून पाठ आहे: 'हा आकडा मर्यादेत असला तरी आजार नाही असे समजू नये. पाळीच्या दिवसांत आकडा वाढू शकतो. रुग्णाचा त्रास व डॉक्टरांची तपासणी यांच्याशी ताडून पाहावे.' मंदाताईंनी ती दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "आता झाला रिपोर्ट."

इंग्रजीत होती तोवर त्या टिपेचा कोणाला त्रास नव्हता. मराठीत झाल्यावर लोक ती वाचायला लागले. फोन यायला लागले. नॉर्मल आहे म्हणता, मग आजार नाही असं समजू नये, याचा अर्थ काय? एका डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. "तुम्ही निदान सांगायला लागलात का? आकडा द्या. बाकीचं आम्ही बघतो." मी लॅबवाला माणूस, डॉक्टरांनी पाठवलं तर पेशंट येणार. परत आलो आणि सॉफ्टवेअरमधली एक खूण काढून टाकली. दुसरं पान निघायचं बंद झालं.

मंदाताईंना दुसऱ्याच दिवशी कळलं. "भाऊ, दुसरं पान काऊन बंद केलं?"

"कोण वाचतं?"

"वाचत होते म्हणूनच त बंद केलं ना तुमी."

त्यानंतर त्या रिपोर्ट देताना ती टीप तोंडाने सांगायच्या. तोंडी सांगणं पायरी उतरेपर्यंतच टिकतं, हे त्यांनाही माहीत असेल.

वर्षभराने त्यांनी स्वतःचं रक्त दिलं.

आमच्यात एक रिवाज होता, लॅबच्या माणसाची तपासणी असली की फॉर्म भरायचा नाही. सगळे नमुने झाले की शेवटी आपली नळी लावायची. मंदाताईंनी डाव्या हातातलं रक्त उजव्या हाताने स्वतःच काढलं. नळी आठ वेळा उलटसुलट केली, माझ्यासमोर ठेवली.

"आज दुसरा दिवस आहे, भाऊ. आज वाढलेला येईल."

मी चमकून पाहिलं. दुसऱ्या बायकांच्या फॉर्मवर दिवस टिपणारी ही बाई स्वतःसाठी मुद्दाम आकडा फुगेल असा दिवस निवडून आली होती. त्यांना ते कळलं. म्हणाल्या, "घरी दाखवाले एक जाड आकडा पाहिजे. मले काय झालं हे मले माईत आहे. त्याईले कागद लागते."

त्याई म्हणजे त्यांचे यजमान, अरविंदराव. कृषी केंद्रात नोकरीला. वाईट माणूस नाही, हे आधीच सांगतो. दारू नाही, मारझोड नाही. पण त्यांचं सगळं आयुष्य छापील लेबलांवर चाललेलं. फवारणीच्या औषधाच्या डब्यावर जे छापलंय ते खरं. आणि घरात त्यांची आई. बायको महिन्यातले चार दिवस आडवी पडते, मूल होत नाही, दाखवायला कागद काहीच नाही.

मशीनने आकडा दिला, एकतीस. पस्तीसच्या आत.

मंदाताई मागे उभ्या होत्या. पडद्याकडे बघत म्हणाल्या, "इथंबी दगा दिला आकड्यानं." मग हसल्या. मग जरा वेळाने, "भाऊ, मी ह्यांले पाठवते तुमच्याकडं. तुमी सांगजा. दुसऱ्या पानावरचं सांगजा. मशीनचं आयकतात ते, आन् मशीन तुमची आहे. माह्यं कोणी आयकत नाई."

मी "हो" म्हटलं. हे 'हो' मला आजही ऐकू येतं.

अरविंदराव चौथ्या दिवशी आले. सकाळची गर्दी, बाकावर आठदहा माणसं, त्यात त्यांच्या ओळखीचेही असतील. मंदाताई रक्त घेत होत्या. मी रिपोर्टचा कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खालीवर पाहिला.

"भाऊ, मले यातलं समजत नाई. साधं सांगा. आहे का नाई?"

मला सांगायचं होतं. पण सांगायचं म्हणजे एका पुरुषासमोर त्याच्या बायकोच्या पाळीबद्दल बोलायचं, इतक्या लोकांत. त्यांना आत नेता आलं असतं. आत खोली होती. त्या क्षणी ते सुचलं नाही म्हणालो तर खोटं होईल. सुचलं होतं. लाज वाटली.

मी म्हणालो, "रिपोर्ट नॉर्मल आहे."

"मंजे नाई."

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते माझं मलाच ठाऊक नाही. त्यांनी ती हवी तशी घेतली. कागद नीट घडी करून खिशात ठेवला, मला हात जोडले आणि गेले. पलीकडे मंदाताईंनी कोणाला तरी भाजी विचारली होती. तो माणूस भाजी सांगत होता, आणि त्या त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या.

त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. महिन्याभराने डबा खाता खाता लॅबमधल्या मुलींना गंमत सांगावी तसं सांगितलं, "आमच्या घरी माह्या रिपोर्टले लॅमिनेशन केलं बावा! दुकानाच्या लायसनवाणी. टीव्हीवर ठेवला आहे. मी जराशी आडवी झाली का आमची बुढी तो आणून समोर धरते. म्हणते, पाह्य, काईच नाई तुले. उठ."

मुली हसल्या. मंदाताई हसल्या. मी पोळीचा तुकडा भाजीत फिरवत राहिलो.

अजून एक गोष्ट आहे, ती टाळून चालणार नाही. पुढच्याच वर्षी एका गावात आमचं रक्ततपासणीचं शिबिर होतं. आदल्या दिवशी मंदाताई सुट्टी मागायला आल्या. दाराची चौकट धरून उभ्या होत्या. दीडशे माणसं यायची होती आणि शिरा सापडणारा हात एकच. मी म्हणालो, "मंदाताई, रिपोर्ट तर नॉर्मल आहे ना तुमचा?"

हे मी म्हणालो. बुढीनं नाही, नवऱ्यानं नाही.

त्या म्हणाल्या, "हाव." आणि शिबिराला आल्या. दिवसभर एप्रनच्या आत बाटली होती. दोनदा पाणी बदललं, मी पाहिलं. सगळ्यांना भाजी विचारली.

अशी पाच वर्षं गेली. मग त्यांच्या पायांवर सूज दिसायला लागली, तोंडाची चव गेली, उलट्या. या खेपेस मीच म्हणालो, रक्त द्या. किडनीची तपासणी लावली. आकडा आला तो जाड अक्षरात. इतका जाड की मी मशीन बंद करून पुन्हा सुरू केली, नमुना पुन्हा लावला. तोच आला.

वर्ध्याजवळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी पोट तपासलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, पाळीत किती वर्षांपासून दुखतं? ऑपरेशनमध्ये सगळं दिसलं. ते अस्तर आतड्यांना चिकटलं होतं. किडनीपासून खाली येणाऱ्या नळ्यांना त्याने वेढा घातला होता. डावी किडनी कधीचीच बंद पडली होती, काही आवाज न करता. उजवीत थोडी धुगधुगी होती. आधी कळलं असतं तर, एवढं म्हणून त्या डॉक्टरबाई थांबल्या होत्या, असं अरविंदरावांनी मला फोनवर सांगितलं. दोन्हीकडे फोन नुसता चालू राहिला.

अरविंदरावांनी नोकरी बदलली. डायलिसिसला जवळ पडावं म्हणून वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेला खोली घेऊन दोघं राहायला लागली. मी दोनदा भेटायला जायचं ठरवलं. दोन्ही वेळा वर्ध्याला गेलो, इतर कामं केली आणि परत आलो. मंदाताई गेल्या तेव्हा थंडी सुरू झाली होती. मला दुसऱ्या दिवशी कळलं.

पण त्याआधी, दिवाळीच्या थोडं अलीकडे, त्या लॅबमध्ये आल्या होत्या. मी त्यांना पाहिलं ते तेव्हा शेवटचं.

दुपारची वेळ, बाक रिकामे. अरविंदराव पाठीमागे पिशवी घेऊन. मंदाताईंचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण केस तसेच घट्ट बांधलेले. नव्या मुली जवळ आल्या, एकीच्या हातातली नळी पाहून मंदाताई म्हणाल्या, "जोरात नको हलवू वो." मग माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसल्या आणि पिशवीतून तो कागद काढला. लॅमिनेशनचे कोपरे पिवळे पडले होते. एकतीस, नॉर्मल, खाली माझी सही.

"भाऊ, याचं दुसरं पान राह्यलं आहे तुमच्याकडं."

मी म्हणालो, तो जुना कॉम्प्युटर गेला, त्यातलं काही निघणार नाही.

"हातानं लिवून द्या."

"मंदाताई, आता…"

"आता काई होत नाई, माईत आहे मले. यायले वाचाले पाहिजे. मी नाटक करत नवती, येवढं तुमच्या सहीनं लिवून द्या."

अरविंदराव खाली बघत उभे होते. मी लॅबचा छापील कागद घेतला. वर त्यांचं नाव लिहिलं. पेन तिथंच थांबलं. टीप पाठ होती, तीन ओळींची, माझीच. हात चालेना. किती वेळ गेला सांगता येणार नाही. पंखा फिरत होता, तारीख छापायच्या शिक्क्याचं झाकण मी उघडत-लावत होतो.

मंदाताई जरा पुढे झुकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, आज भाजी कायची केली?"

"मेथीची," मी म्हणालो, आणि हात चालायला लागला.

आकड्याच्या तीन ओळी लिहिल्या. खाली, टिपेत नसलेली चौथी लिहिली: 'हे मी त्या वेळी सांगायला हवे होते.' सही केली, शिक्का मारला. मंदाताईंनी कागद न वाचताच अरविंदरावांच्या हातात दिला. लॅमिनेशनचा कागद माझ्या टेबलावर ठेवला. "हा राहू द्या तुमच्यापाशीच." तो माझ्या खणात आहे.

दोघं निघाली. आमच्या खिडकीतून रस्त्यापलीकडचा बसथांबा दिसतो. मंदाताई खांबाला धरून उभ्या होत्या, तशाच किंचित वाकून. अरविंदराव कागद वाचत होते. छापील नव्हता म्हणून असेल, त्यांना वेळ लागत होता. त्यांचे ओठ हलताना मला इतक्या लांबूनही दिसत होते. शेवटापर्यंत जायचे आणि पुन्हा वरून सुरू करायचे. वर्ध्याची बस आली, थांबली, माणसं चढली. ते वाचतच होते. मग मंदाताई खांब सोडून त्यांच्याजवळ गेल्या, त्यांच्या दंडाला धरलं आणि त्यांना आधी बसमध्ये चढवलं.